बोटभर आखूड दस्ता

नणंद दारात उभी राहिली ती दोन तुकडे झालेली रायफल छातीशी धरून, आणि बोलली अशी, जशी काही ती मिस्त्रीणबाईंनीच मोडली होती.

"जिन्यावरून पडली. मानेत गेली. नवा दस्ता करून दे. जुन्याच मापाचा. तसूभर इकडेतिकडे चालणार नाही."

"जिन्यावरून रायफल पडली की तुम्ही, वन्सं?"

"तुला दस्ता करायचाय की चौकशी?"

सुंभ जळतो, पीळ काही जात नाही. मिस्त्रीणबाईंनी पाणी पुढे केलं आणि तुकडे हातात घेतले. रायफल दोघींच्याही आधी जन्मलेली. लोखंड अजून धडधाकट होतं, मागचा लाकडी दस्ता मात्र हाताच्या पकडीपाशी, मानेतच, आडवा फाटला होता. याच रायफलीनं नणंदेनं नेमबाजीच्या क्लबात भल्याभल्यांची तोंडं बंद केली होती. आता गोळ्या नव्हत्या की क्लब नव्हता, पण रोज सकाळी एकदा रिकामी रायफल खांद्याला लावून खिडकीतून पाण्याच्या टाकीवरच्या झेंड्यावर नेम धरल्याशिवाय तिचा दिवस उगवत नसे. गेले चार दिवस तो उगवला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं.

जुना दस्ता नणंदेच्या भावाने, म्हणजे मिस्त्रीणबाईंच्या मालकांनी केलेला. मिस्त्री गेले आणि लोक म्हणाले, बाई काय रंधा मारणार? तेच लोक आता मोडक्या खुर्च्या घेऊन दारात ताटकळत उभे राहतात. बरं झालं, उभ्यानं अक्कल लवकर येते.

भिंतीच्या खिळ्याला एक गाठ मारलेली दोरी लटकत होती. नणंद बावीस वर्षांची असताना भावाने घेतलेलं तिचं माप ते. कोपर दुमडायचं, आणि कोपराच्या खोबणीपासून चापावरच्या बोटापर्यंत मोजायचं. दस्ता माणसाच्या हातावर बेततात. मागून लांब राहिला, तर रायफल काखेत अडते आणि डोळा नेमापर्यंत पोचतच नाही.

"दोरी आहे ना अजून?" नणंदेनं विचारलं.

"आहे की. माणसं जातात, दोऱ्या राहतात."

लाकूड निवडायला दोघी मागच्या खोलीत गेल्या. नणंदेला एक फळी बघताक्षणी आवडली, तिच्यावर पाण्यातल्या भोवऱ्यांसारखी नक्षी होती.

"ही घे."

"नक्षी मागच्या अंगाला शोभते, वन्सं. मानेत रेषा सरळच लागतात. ही फळी दिसायला रंभा आणि पहिल्या धक्क्याला दोन तुकडे. अशा सुना पुष्कळ पाहिल्यात मी."

"मीही एक पाहिलीय. ती मात्र मोडली नाही."

ही स्तुती होती की टोमणा, ते कळायच्या आत मिस्त्रीणबाई शिडी चढल्या. माळ्यावर अक्रोडाचा एकच ओंडका होता. तडे जाऊ नयेत म्हणून दोन्ही टोकांना मेण लावून मिस्त्रींनी अठरा वर्षं वाळवलेला. याची एक डबी करून द्या, म्हणून बायकोनं किती विनवलं होतं! दर वेळी एकच उत्तर मिळायचं, याची वेळ यायची आहे. मिस्त्रीणबाईंनी बोटानं टकटक केलं. लाकूड विहिरीत खडा पडावा तसं बोललं.

"हाच," त्या म्हणाल्या. "दुसरा नाही, तेव्हा चुकायचीही सोय नाही."

मग दिवस कसे गेले ते दोघींनाही नीट सांगता आलं नसतं. लोखंडाच्या पोटाला दिव्याची काजळी फासायची, लाकडात बसवायचं, उचलायचं, आणि जिथे काळा ठिपका उमटेल, म्हणजे लोखंड अडेल, तिथलं लाकूड पटाशीनं केसाएवढं खरवडायचं. पुन्हा बसवायचं, पुन्हा उचलायचं. ठिपके तारांगणासारखे उगवत आणि मावळत. खोलीत भुसा उन्हात तरंगत राही, जणू खाली पडायचं विसरलाय. नणंद रोज दुपारी येई, खुर्चीत बसून चुका काढी, आणि चुका काढता काढता तिचा डोळा लागे.

पुढे ओल्या फडक्याने लाकूड पुसून त्याची लव उभी करायची, वाळली की काचकागदाने उतरवायची. मग जवसाचं तेल, नुसत्या तळहातानं. हात गरम झाला की लाकूड तेल पितं. पिता पिता आतल्या रेषा वर आल्या आणि नदीसारख्या चालू लागल्या. त्या नदीच्या काठाकाठाने मिस्त्री कानाला पेन्सिल लावून हळूहळू चालताना बाईंना दिसत. बोलत मात्र नसत. जिवंतपणी तरी कुठे फार बोलायचे!

मागचं टोक कापायचं तेवढं राहिलं होतं. त्या दुपारी दोरी लावून पेन्सिलीची रेघ ओढली, करवत उचलली, आणि नजर झोपलेल्या नणंदेच्या मनगटावर गेली. बाही दोनदा दुमडलेली. पूर्वी एकदाही दुमडत नसे.

बाईंनी करवत खाली ठेवली. चोरपावलांनी जाऊन नवी दोरी तिच्या कोपराला लावली. झोपेतही नणंदेचं बोट चापावर असल्यासारखं वाकलेलं होतं. श्वास मांजरीसारखा हलका. मग ती जुन्या दोरीशेजारी धरली. गाठीपर्यंत पोचलीच नाही, चांगली बोटभर आधी थांबली. केवढी ही बाई, जिच्या पायांच्या आवाजाने नव्या सुनेच्या हातून भांडी सुटत! कधी आटली, कोणाला न सांगता?

जुन्या मापावर कापलं, तर रायफल तिच्या खांद्याला कधी लागायची नाही, आणि कारण काय ते तिला तिथल्या तिथे कळायचं. आखूड कापलं आणि तिला उमगलं, तर म्हणेल, मला म्हातारी ठरवणारी तू कोण? पुन्हा या दारात पाऊल टाकायची नाही. आणि हिच्याशिवाय भांडायला आता होतंच कोण?

मिस्त्रीणबाईंनी बोटभर अलीकडे दुसरी रेघ ओढली. श्वास धरून करवत चालवली. अक्रोडाची चकती भुशात अलगद पडली. दस्त्याच्या कापलेल्या तोंडाला लोखंडी पट्टी बसवली, आणि पुन्हा तेल.

आठवड्यानं नणंदेनं रायफल हातात घेतली. आधी डोळे मिटले, मग ती खांद्याला लावली. गाल लाकडावर टेकला तो उशीवर टेकावा तसा. डोळे उघडले. खिडकीबाहेर, टाकीवरचा झेंडा नेमाच्या टोकावर येऊन बसला होता.

रायफल तशीच धरून तिनं विचारलं,

"जुन्याच मापाचा ना?"

"जुन्याच," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. आयुष्यात इतकं धडधडीत खोटं त्या सासूशीही बोलल्या नव्हत्या.

नणंदेनं रायफल खाली केली. खिडकीत तेलाच्या वाटीखाली ठेवलेली ती चकती तिनं उचलली, तिच्यावरची पेन्सिलीची पहिली रेघ निरखली, वास घेतला. आपली दुमडलेली बाही जरा खाली ओढली.

"अठरा वर्षं डबी डबी करत होतीस ना?" नणंद म्हणाली. "हिचं झाकण कर. खालच्याला माझा मोडका दस्ता घे. लाकूड चांगलंय, फक्त मान गेलीय."

"बरं, वन्सं."

"आणि झाकण नीट बसव. तुझी मापं हल्ली चुकतात."

एवढं बोलून ती खुर्चीत टेकली आणि तिनं तळहात पुढे केला. बाईंनी त्यावर तेलाचे चार थेंब सोडले. दोघी दोन बाजूंनी लाकूड चोळत राहिल्या.