बटणाची ओली चादर

बस. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय गेलाय. गाठोड्यावर बस, मऊ आहे. तुझ्या मॅनेजरसाहेबानं तुला कशाला पाठवलंय ते मला ठाऊक आहे. पोर आता रात्री कोरडी राहते का बघ, राहत असली तर गाडीत घालून आण. असंच ना? नुसती मान हलवलीस तरी चालेल. उत्तर देतो मी. पण त्याआधी एक गोष्ट सांगतो, ती पुरी ऐकायची, मधे उठायचं नाही. माझी इस्त्री चालू राहील, तू तुझे कान चालू ठेव.

तुझ्या साहेबाची बायको म्हणजे ह्या लॉन्ड्रीच्या मालकाची धाकटी बहीण, एवढं तुला माहीत असेल. पहिला नवरा गेला तेव्हा पोर कडेवर होती. भावाकडे आली आणि इथं काउंटरला उभी राहायला लागली. पोर दिवसभर आमच्या पायात. कपड्यांतून सुटलेली बटणं वेचायची, मूठभर झाली की मूठ घट्ट धरून तशीच झोपायची. म्हणून तिचं नाव बटण. खरं नाव मलासुद्धा आठवून सांगावं लागेल.

तुझा साहेब तेव्हा लॉजच्या चादरी टाकायला यायचा. चादरी मोजता मोजता दोघांचं जमलं, लग्न झालं. मग त्याला दुसऱ्या गावचं लॉज मिळालं. बायकोला घेऊन गेला, पोरीला ठेवून गेला. का? तर चार वर्षांची पोर अंथरूण भिजवते म्हणून. इथंच, ह्या काउंटरला कोपर टेकून म्हणाला, "दिवसभर परक्यांच्या डागांशी मारामारी करतो मी. घरात तरी कोरडं अंथरूण पाहिजे. सुधारली की कळवा, त्याच दिवशी नेतो." आणि आईनं? आईनं पोरीचा पापा घेतला आणि कानात सांगितलं, "चादर कोरडी ठेव हं माझी बाय, मग मी येते."

आता चार वर्षांचं डोकं ते. चादर कोरडी म्हणजे आई, चादर ओली म्हणजे आई नाही. एवढं सोपं. मोठ्या माणसाला झोपेतलं काही हातात ठेवता येत नाही, तिला कुठनं येणार?

पोर मामीच्या ताब्यात आली. मालकाला तू बघितलायस. त्याला बायकोला विचारल्याशिवाय शिंकही येत नाही. मामीचं म्हणणं, "मी एवढ्या जगाचे डाग काढते, हिचा निघणार नाही होय?" आणि लागली कामाला.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्या कपड्याला डाग असतो त्याच्या काजात लाल दोरा बांधायचा. म्हणजे भट्टीत कपडे उकळणाऱ्याला कळतं, हा वेगळा काढायचा. डाग गेला की दोरा सोडायचा. मामीनं काय करावं? ज्या सकाळी चादर ओली, त्या सकाळी पोरीच्या फ्रॉकच्या काजात लाल दोरा. आणि दिवसभर काउंटरशेजारी उभं करायची. गिऱ्हाइकं आमची जुनी, त्यांना दोरा कशाचा ते ठाऊक. कुणी हसायचं, कुणी विचारायचं, "काय गं, अजून डाग गेला नाही?" तीही बिचारी खाली बघून म्हणायची, "उद्या जाणारे."

मग पाणी तोडलं. दुपारच्या जेवणानंतर पाण्याचा थेंब नाही. आणि इथं भट्टीची वाफ, इस्त्रीची धग, उभ्या माणसाचा जीव सुकतो. मी कपड्यांवर पाणी शिंपडायला लागलो की पोर टेबलाखालून यायची आणि तोंड वर करून, आ करून उभी राहायची. घरट्यातलं पिल्लू राहतं ना, तशी. मी शिंपडताना हात जरा सैल सोडायचो. मामीच्या लक्षात आलं. म्हणाली, "दादा, तुम्ही शर्ट भिजवताय का माझी चादर?" दुसऱ्या दिवशी मला पिचकारीची बाटली आणून दिली.

एक डॉक्टरीणबाई कोट टाकायला येते आपल्याकडे. तिनं दोरा बघितला, चौकशी केली आणि बोलली, "अहो, ह्या वयाची पुष्कळ मुलं भिजवतात. झोपेत होतं ते, मुद्दाम नाही करत. पाणी तोडून उलट बिघडतं. दिवसा भरपूर पाजा, झोपायच्या आधी बसवा आणि सकाळी काही बोलू नका. आपोआप थांबेल."

मामीनं कोटाची पावती फाडून हातात दिली. "बाई, तुमच्या कोटावरचा शाईचा डाग कसा काढायचा हे मी तुम्हाला विचारलं का? मग?"

बाई पावती घेऊन गेली.

आणि मग एके दिवशी चादर कोरडी. दुसऱ्या दिवशी कोरडी. आठवडा गेला, चादर खडखडीत. मामी अशी फुलली, गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायची. "बघा. डॉक्टर म्हणे आपोआप थांबेल. थांबवावं लागतं!" पोर सगळ्यांना सांगत सुटली, "आई येणार, माझी आई येणार." मलाही म्हणाली, "दादा, माझा फ्रॉक कडक कर."

आता आतली गोष्ट ऐक. ही नंतर तिनंच माझ्या बायकोला सांगितली. सगळे झोपले की ती उठायची आणि मागच्या खोलीत मळक्या कपड्यांचा ढीग असतो ना, त्यात जाऊन झोपायची. तिचा हिशोब बरोबर होता. ते सगळं धुवायचंच असतं. तिथं ओलं झालं तर कुणाला कळतंय? पहाटे मालक भट्टी पेटवायला उठायचा, त्याच्या खोकल्यानं हिला जाग यायची. ओली चड्डी ढिगात खुपसायची, दुसरी घालायची आणि पळत येऊन कोरड्या चादरीवर डोळे मिटून पडायचं. चार वर्षांची! मोठेपणी वकील होईल बघ.

पण मामीला कळलं. मी डोळ्यांनी बघितलं. एका सकाळी मी जरा लवकर आलो, तर मामी ढिगाशी वाकलेली. तिनं एक चादर उचलली, नाकाशी नेली, मग खालून पोरीची चड्डी काढली. मी दारातच थांबलो. म्हटलं, आता पोरीचं काही खरं नाही. तर मामीनं दोन्ही चिजा गुंडाळल्या आणि स्वतः नेऊन भट्टीत टाकल्या. जी बाई मळक्या कपड्याला चिमट्यानं धरते, ती! माझ्याकडे बघून म्हणाली, "काय बघताय? इस्त्री तापत टाका."

मला वाटलं, पाझर फुटला बाईला. घरी जाऊन बायकोला सांगितलं, मामी वाटते तेवढी वाईट नाही गं. बायको म्हणाली, "तुम्हाला कपड्यांखेरीज कशाच्या घड्या कळत नाहीत."

मामीनं त्याच दिवशी फोन लावला. पोर सुधारली, घेऊन जा.

तू गाडी घेऊन आलास तो दिवस आठव. पोर तुझ्या शेजारी चढून बसली, फ्रॉक पुठ्ठ्यासारखा कडक, गुडघे जुळवलेले. मी हात केला तर तिनं केला नाही, चुरगळेल म्हणून. गाडी वळली आणि मामी गल्ल्यावर टेकून हसायला लागली. मालक म्हणाला, "काय झालं?" तर म्हणते, "तिकडे कुठं आलाय ढीग?"

मालकाला कळायला वेळ लागला. मला नाही लागला. बाईला सगळं माहीत होतं. तिला फक्त घर रिकामं करायचं होतं.

पुढचं तुला अर्धं माहीत आहे. दोन दिवसांनी तूच गाडी घेऊन परत आलास. तू पुढे बसला होतास, तुझ्यामागे पोरीची आई. साहेब पोरीला दंडाला धरून काउंटरपर्यंत घेऊन आला, उचलून काउंटरवर बसवलं, गाठोडं ठेवतात तसं, आणि म्हणाला, "वहिनी, डाग गेलेला नाही. माल परत घ्या."

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. एक हसलं.

पोर रडली नाही. काउंटरवरून मान लांब करून गाडीकडे बघत होती. आई उतरेल म्हणून. ती उतरली नाही. खरं सांग, रडत होती का रे ती? नको, नको सांगू. रडत असली तरी बसून रडली ना.

मामीनं ड्रॉवरमधनं लाल दोरा काढला आणि त्याच कडक फ्रॉकच्या काजात बांधला. "ढिगात झोपायची आवड आहे ना? झोप मग." त्या दिवसापासून पोरीचं अंथरूण काढून टाकलं. ढिगातच झोपायचं. आधी ती लपून जायची, आता तिला पाठवायचे. एवढाच फरक, पण पोर त्या फरकानं सुकली. दिवसासुद्धा चड्डी ओली व्हायला लागली. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, कपड्यांना वास येतो म्हणून. धंद्यावर आलं तेव्हा मामीला सुचलं. माझ्या बायकोला म्हणाली, "तुला पोरबाळ नाही, तुझं घर मोकळं. रात्रीची घेऊन जा हिला. सकाळी आणून सोड."

बायकोनं सकाळची आणलीच नाही परत.

तिनं काय केलं विचारशील तर काही नाही केलं. दिवसभर पाणी पाजलं, पोरगी मागेल तेवढं. पहिल्या दिवशी एवढं प्यायली की पोट टम्म. झोपायच्या आधी मोरीवर बसवायची, पलंगाशी एक डबा ठेवला, चादरीखाली प्लास्टिक. भिजलं की दोघी मिळून चादर बदलायच्या. बायको तेव्हा भाजी किती महागली वगैरे बोलायची. चादरीबद्दल चकार शब्द नाही. मी एकदा बोलायला गेलो, "आज पण...", तर मला डोळ्यांनीच गप्प केलं.

हळूहळू कमी झालं. मग थांबलं. हो, थांबलं. बघ, दिलं मी तुला उत्तर. आता उठू नकोस, उरलेलं ऐक.

पहिल्यांदा आठवडाभर कोरडी गेली तेव्हा बायकोच्या तोंडून दुकानात निघून गेलं. मामी लगेच म्हणाली, "झाली का सरळ? मग आण परत. मोज्यांच्या जोड्या लावेल, बटणं शिवायला शिकेल. फुकटचं कोण पोसतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं मगभर पाणी घेतलं आणि कोरड्या चादरीवर ओतलं. मधोमध. आमचं घर लॉन्ड्रीमागच्या गल्लीतच. चादर नेऊन घरापुढच्या दोरीवर टाकली, मामीला खिडकीतनं दिसेल अशी.

पोर मागे उभी होती. तिनं बघितलं, आणि असं किंचाळली की शेजारी धावत आले. "मी नाही केलं! मी नाही केलं! मावशीनं केलं!" बायकोनं तिच्या तोंडावर हात धरला. माझ्या बायकोनं! आणि शेजाऱ्यांना हसून म्हणाली, "लाजते हो. खोटं बोलते."

मग आत नेऊन कुशीत घेतलं आणि समजावलं. हे आपलं गुपित. चादर ओली आहे तोपर्यंत तू इथं. पोरीला कळलं. तिला सगळं कळतं, हीच पंचाईत आहे.

तेव्हापासून रोज सकाळी ती स्वतः मग भरून देते. आणि गल्लीतली पोरं रोज ओरडतात, "मुतरी, मुतरी, चादर उतरी." ती ताठ उभी राहते. परवा मला म्हणाली, "दादा, एकदाच सांगू त्यांना? एकालाच सांगते." मी नाही म्हटलं. तिनं विचारलं, "मग मी कोरडी आहे हे कुणाला माहीतच नाही का?"

इस्त्रीखालच्या शर्टाची कॉलर जळाली माझी.

आता तुझ्या साहेबाला मुलगा झालाय, पाळणा हलवायला माणूस हवंय, म्हणून त्याला चादर आठवली. मी अडाणी असेन, पण एवढं कळतं. पोर रात्री आईचं नाव घेते, तेही ऐकतो मी. दगड नाही. आई स्वतः आली, गाडीतनं खाली उतरली आणि चादरीचं न विचारता पोरीला उचललं, तर पोर तिची. आम्ही दोघं आडवे यायचो नाही. पण साहेब चादरीचं विचारत असला तर नाही.

म्हणून गड्या, माझं एक काम कर. परत जाऊन साहेबाला सांग, अजून भिजवते. घरापुढची दोरी बघून जा, म्हणजे खोटं बोललास असं वाटायचं नाही तुला. आणि जाता जाता घरी डोकाव. पोर दारात बसली असेल. तुला ओळखेल ती. खाली बस, तिच्या उंचीला ये, बायको ऐकणार नाही अशा बेतानं तिच्या कानात म्हण, "मला माहीत आहे, तू कोरडी आहेस." एवढं एकदा तिला कुणीतरी परक्यानं सांगायला हवं रे.