सुनीतीबाईंच्या दारावरची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी वायरची पिशवी आहे. हिरवी आणि पिवळी. हिरवा रंग आता शेवाळी झाला आहे, आणि पिवळ्याचं काय झालं ते न बोललेलंच बरं. माझी एखादी बहीण तुमच्याही माळ्यावर पडलेली असेल. तिला खाली काढा असा माझा आग्रह नाही. माझी हकिकत मात्र ऐका, आणि ती सुखाची असेल अशी आशा धरू नका.

मला सुनीतीबाईंनी विणलं. त्या शाळेत शिवणकाम शिकवायच्या. सदाशिव पेठेतली भाड्याची जागा सोडून त्यांनी कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट घेतला, त्याच मे महिन्यात तुळशीबागेतून वायरची बंडलं आणली आणि दुपारभर गाठीवर गाठ मारत मला उभं केलं. त्यांचे यजमान दत्तप्रसाद म्हणाले, "खिडक्यांना अजून पडदे नाहीत, पण पिशवी झाली वाटतं."

"पडद्यातून दूध आणता येत नाही," बाई म्हणाल्या.

आमच्याकडे कौतुक असंच करतात. मी त्या दिवशी फार खूश होते.

माझं काम दुधाच्या रतिबाचं. रात्री झोपण्यापूर्वी बाई मला बाहेरच्या जाळीच्या दाराला, कडीवर अडकवायच्या. पहाटे संभाजी यायचा. मुळशीकडच्या गावचा माणूस, एम-एटीच्या दोन्ही बाजूंना क्रेट बांधलेले. तो आला की आधी गाडीची फटफट, मग जिन्यावर चपला, मग माझ्या पोटात दोन थंडगार दुधाच्या पिशव्या. थोड्या वेळानं बाई दार उघडून मला आत घ्यायच्या आणि घराचा दिवस सुरू व्हायचा.

बोलता येत नसलं तरी माझी एक भाषा होती. माझ्या बंदांना गाठ मारलेली असली तर आज दूध नको. बंदाला कपड्यांचा चिमटा लावलेला असला तर एक पिशवी जादा, घरी पाहुणे आहेत किंवा खीर आहे. आणि उजाडल्यावर मी कडीवर नसले, तर दूध आत गेलं, माणसं उठली, सगळं ठीक आहे. ही शेवटची खूण नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे तिनेच घात केला.

दत्तप्रसाद गेल्यावर बाई एकट्या राहिल्या. मुलगा तेजस हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत लागला आणि लग्नानंतर बाणेरला राहायला गेला. तेव्हा बाईंनी बेलशेजारी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली : "बेल एकदाच दाबावी. ऐकू येतं. दार उघडायला वेळ लागतो."

एका हिवाळ्यात संभाजीनं या पाटीचा नियम मोडला. सोसायटीच्या सगळ्या इमारती उरकून तो परत निघाला होता. जाताना खालून जिन्याच्या जाळीतून दारांकडे बघायची त्याची सवय. मी तिथंच, भरल्या पोटी. तो धाडधाड वर आला आणि बेलवर बोट ठेवून उभाच राहिला. समोरच्या ललिताबाई तणतणत बाहेर आल्या.

"अहो, पाटी वाचता येत नाही का? एकदाच दाबायची आहे ती!"

"बाईंनी दूध घेतलं न्हाई अजून," संभाजी म्हणाला. "किल्ली हाय न्हवं तुमच्याकडं? उघडा."

किल्ली ललिताबाईंकडे असायची. आत बाई बाथरूमच्या दारात पडलेल्या होत्या, साखर एकदम उतरून. डॉक्टर वेळेवर आले आणि बाई वाचल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी संभाजीला आत बोलावून चहा दिला.

"संभाजी, तुम्ही नसतात तर मी काही आज दिसले नसते."

"मी काय केलं? पिशवीनं सांगितलं," तो म्हणाला.

मित्रांनो, माझ्या जन्मात एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

मग एकदा गॅसवरचं दूध उतू गेलं. बाई पुढच्या खोलीत डुलकी घेत होत्या. शेगडी विझली आणि गॅस घरभर पसरला. नशिबानं त्याच वेळी तेजस आला होता, म्हणून निभावलं. खिडक्या उघडता उघडता म्हणाला, "आई, बास झालं आता. आमच्या बिल्डिंगखाली सुपरमार्केट झालंय. तिथे खोक्यातलं दूध मिळतं, लॉंग लाइफ. तापवायचं नाही, काही नाही. फोडायचं आणि घ्यायचं. मी आणून देत जाईन दर रविवारी."

मुलगा चुकीचं बोलत नव्हता. आईला जपायलाच बोलत होता. बाईंनी लगेच होकार दिला नाही. दोन दिवस घोळवत बसल्या. संध्याकाळी ललिताबाईंजवळ मात्र मनातलं बोलल्या.

"दुधाचं काय हो, कुठलंही चालतं मला. पण त्या निमित्तानं तेजस दर रविवारी येईल. नुसतं 'ये' म्हटलं तर येणं होत नाही त्याचं. दूध संपतंय म्हटल्यावर यावंच लागेल ना?"

अशा हिशेबानं बाईंनी रतीब बंद केला. रोजचा परका माणूस देऊन आठवड्याचा आपला माणूस घेतला. मला तेव्हा राग आला होता, पण आज वाटतं, कुठल्याही आईनं तेच केलं असतं.

सवयीनं त्या मला काही दिवस कडीला लावत राहिल्या. सकाळी रिकामीच आत घ्यायच्या, कधी दुपारपर्यंत विसरायच्या. ललिताबाईंनी एकदा टोकलं, "सुनीतीबाई, पिशवी दिवसभर बाहेर लोंबते. चोरांना आयतं कळतं की घरात कोणी नाही. आत घ्या बघू ती." तेही काळजीनंच. बाईंनी मला आत नेलं, कांदे भरले आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं. आमचं दार तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ एकसारखंच दिसू लागलं. कडी मोकळी. सगळं ठीक आहे.

पहिले काही महिने तेजस खरोखर आला. कधी सूनबाई उत्कर्षाही यायची. बाई रविवारी सकाळपासून पोह्यांची तयारी करून बसायच्या. पुढे त्याच्या कामाची घाई वाढली. एका रविवारी तो दुप्पट खोकी घेऊन आला.

"आई, पुढच्या वेळी जमणार नाही. रिलीज आहे. म्हणून जास्तच आणलंय. टिकतं ना हे, किती महिने काही होत नाही."

"हो का? छान आहे की," बाई म्हणाल्या. तो गेल्यावर फ्रिज उघडून त्या खोक्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. जे दूध संपेल म्हणून मुलगा यायचा, ते दूध आता संपायचं नावच घेत नव्हतं.

तो न आलेल्या त्या रविवारनंतरची गोष्ट. सकाळी चहाला दूध काढायला बाई फ्रिजपाशी गेल्या, हात कपाळाला लावला आणि खाली बसल्या. मग आडव्या झाल्या. माझ्या खिळ्याच्या बरोबर खाली. शुद्ध होती, पण उठता येत नव्हतं. त्यांनी ललिताबाईंना हाका मारल्या. समोरच्या घरात मिक्सर चालू होता. नंतर टीव्ही चालू झाला. दुपारी फोन खणखणला, खणखणून थांबला. तो तेजसचा होता. आई भजनाला गेली असेल असं समजून तो मीटिंगला गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे खाली एम-एटीची फटफट ऐकू आली. बाईंनी डोळे उघडले. जिन्यावर चपला वाजल्या. समोर ललिताबाईंच्या दाराशी थांबल्या.

"संभाजी," बाई म्हणाल्या. आवाज माझ्यापर्यंतही जेमतेम आला.

संभाजीनं आमच्या दाराकडे पाहिलंही असेल. कडी मोकळी होती. चपला वर गेल्या, मग खाली उतरल्या. मी कांद्यांचं ओझं घेऊन खिळ्याला लटकत होते, दारापासून चार पावलांवर. माझी जागा चार पावलं चुकली होती, बाकी माझं काही बिघडलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या पहाटे चपला पुन्हा वाजल्या, तेव्हा बाईंनी डोळे उघडले नाहीत.

रविवारी तेजस आला. दोन्ही हातांत दुधाची खोकी. त्यानं पाटीप्रमाणे बेल एकदाच दाबली आणि शहाण्या मुलासारखा थांबला. मग दाबली, दाबतच राहिला. ललिताबाई किल्ली घेऊन धावत आल्या. आतलं पाहिल्यावर त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या, "अरे, पिशवी बाहेर नव्हती रे. मीच आत घ्यायला लावली, तरी कडी मोकळी दिसली की वाटायचं, उठल्या असतील."

फ्रिजमध्ये दूध जसंच्या तसं होतं. माझ्या पोटात असतं तर उन्हानं नासलं असतं, जिनाभर वास सुटला असता, कोणीतरी नाक मुरडत विचारायला आलं असतं. हे दूध गुणाचं. त्यानं कुणालाच काही कळू दिलं नाही.

घर आता बंद आहे. मला ललिताबाईंनी मागून घेतलं. त्याही आता एकट्याच असतात. रोज रात्री त्या मला आपल्या कडीला अडकवतात आणि ओढून बघतात. पहाटे संभाजी दूध टाकतो. पूर्वी "बाई, दूध!" म्हणायचा, आता काही म्हणत नाही. समोरच्या दारावरची पाटी अजून कोणी काढलेली नाही.

मित्रांनो, दूध दारात घ्या नाहीतर दुकानातून आणा, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. पण तुमच्या जिन्यात कोणी एकटं राहत असेल, तर त्यांच्या दाराला रोज काहीतरी अडकवलेलं असू द्या, आणि ते आत गेलं की नाही हे बघणारं एक माणूस असू द्या. बेल एकदाच दाबा. ऐकू येतं. दार उघडायला वेळ लागतो.

आणि फारच वेळ लागला, तर पाटीचं ऐकू नका.