तीनदा धुतलेलं

“काढ ते तिच्या तोंडातून! आधी काढ!”

खालच्या मजल्यावरच्या काकू वाटी परत द्यायला आल्या होत्या. वाटी ओट्यावर आपटून त्यांनी माझ्या तीन वर्षांच्या ठमीच्या हातातलं लेट्यूसचं पान हिसकावलं. ठमीनं भोकाड पसरलं.

“अहो काकू, धुतलेलं आहे ते!” मी पिशवी पुढे केली. ‘तीनदा धुतलेले. उघडा आणि खा.’ लेबल वाचल्याशिवाय मी घरात मीठसुद्धा आणत नाही.

“कोण धुतं? मीच ना? अकरा वर्षं झाली या पिशव्यांच्या कंपनीत पानं कापायला. सकाळी हौद भरतात, संध्याकाळपर्यंत तेच पाणी. त्यात तीनदा बुडवलं की झालं तीनदा!”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गेल्याच महिन्यात ठमी उलट्या-जुलाबांनी चार दिवस आडवी होती. मी पाळणाघरातल्या बाईंना नाही नाही ते बोलले होते.

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“तू हे पिशवीतलं आणतेस हे मला काय स्वप्न पडलं? शिकलेली बाई, वाटलं गड्डा आणत असशील.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. काकू मला हाताला धरून बाजारात घेऊन गेल्या. “गड्डा मोठा बघून भुलू नकोस, हाताला जड लागला पाहिजे. बूड बघ. पांढरं असलं तर ताजा, तांबडं पडलं की शिळा.” घरी येऊन त्यांनी वरची दोन पानं काढून टाकली. उरलेलं एकेक पान वाहत्या नळाखाली धरलं, लहान मुलाचे कान पुसावेत तसं देठाच्या खोबणीतून बोट फिरवलं. मग सुती फडक्यावर पसरलं. “ओलं ठेवलंस तर दोन दिवसांत चिखल. डब्यात खाली-वर कोरडं फडकं घाल. आणि सफरचंदांपासून लांब ठेव, डाग पडतात.”

डबा फ्रीजमध्ये गेला. माझा राग मात्र निवेना.

“पाल्यासाठी कशाला डोकं पिकवतेस?” नवरा म्हणाला. “आणू नकोस, विषय संपला.”

म्हणजे बाकीच्यांच्या पोरांनी खावं! मी पिशवीवरच्या नंबरला फोन लावला.

“मॅडम, आपला गैरसमज होतोय,” पलीकडची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली. “हे आपल्याला कुणी सांगितलं?”

गैरसमज! “तुमच्याकडे अकरा वर्षं पानं कापणाऱ्या बाईनं!”

पलीकडच्या मुलीनं घाईघाईनं माझा पत्ता लिहून घेतला. मला वाटलं, जिंकले.

शुक्रवारी भर दुपारी काकूंचं दार उघडं दिसलं. त्या पलंगावर नुसत्याच बसल्या होत्या.

“उद्यापासून येऊ नका म्हणाले.”

“मी नाव नव्हतं घेतलं, काकू. शप्पथ! फक्त अकरा वर्षं म्हटलं.”

“बाकीच्या सगळ्या पोरी वर्षा-दीड वर्षाच्या. अकरा वर्षं म्हणजे मीच की गं.”

“ओरडा ना माझ्यावर!”

“तुझ्यावर ओरडून हौदाचं पाणी बदलणारे का?”

शनिवारी माझ्या दारात खोकं आलं. ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ अशी चिठ्ठी आणि सहा पिशव्या भेट. एका बाईच्या बदल्यात सहा पिशव्या! मी चिठ्ठी टराटरा फाडली, खोकं उचललं आणि कचऱ्यात घालायला दाणदाण जिना उतरू लागले. वाटेत काकू झाडत होत्या.

“थांब, थांब. बघू.”

त्यांनी एक पिशवी काढून तिच्या कोपऱ्यावरचे बारीक छापील आकडे डोळ्यांजवळ नेले.

“चार नंबरचं टेबल. सोमवारचा माल. माझाच आहे हा.” जिन्याच्या खिडकीतल्या उजेडात त्यांनी पिशवी सावकाश फिरवली. “बघ, एक तरी पान चिरडलंय का?”