आधी हंडा डोक्यावर घ्या

चुंबळ म्हणजे काय हे ज्याला समजावून सांगावं लागतं, त्याच्याकडून चुंबळ बनवून घेऊ नये. एवढं शहाणपण यायला मला साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कारखान्यांचे उंबरे झिजवावे लागले. तरी सांगते, कारण हल्ली नळाचं पाणी पिणाऱ्यांना बऱ्याच गोष्टी ठाऊक नसतात. डोक्यावर हंडा, वैरणीचा भारा नाहीतर उसाची मोळी घेताना बाई जुन्या लुगड्याचा तुकडा गोल गुंडाळून खाली ठेवते, ती चुंबळ. आजवर त्या चिंधीत सुधारणा करावी असं कुणाच्या मनात आलं नाही. मोटारसायकलच्या सीटमध्ये मात्र दर वर्षी सुधारणा होते. त्यावर बसणारा पुरुष असतो ना.

चुंबळीचं पहिल्यांदा मनावर घेतलं ते आत्यांनी. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हरणाबाई. आमचं गाव माणदेशात, म्हसवडच्या बाजूला. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. माझा नवरा दादासो वर्षातले बरेच महिने मेंढरांमागं मुलूखभर फिरतो आणि घरचं पाणी, वैरण आम्हा सासू-सुनेच्या डोक्यावर. हे मी बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही. खरोखर डोक्यावर.

लग्न होऊन आले तेव्हापासून आत्यांचं डोकं मी उघडं पाहिलं नव्हतं. सासऱ्यांच्या चितेसमोरसुद्धा त्यांचा पदर ढळला नाही. एकदा त्या तापातून उठल्या म्हणून न्हाऊ घालायला गेले, तेव्हा दिसलं. बरोबर टाळूवर तळहाताएवढं टक्कल आणि त्याच्या मधोमध बोटानं दाबल्यासारखा खोलगट भाग.

"काय बघतीस?" आत्या म्हणाल्या. "वज्ज्यानं गेली केसं. तुजी बी जातील."

त्या दिवशी मी माझ्या टाळूला बोट लावून पाहिलं. केस विरळ व्हायला लागले होते. मला असा संताप आला की कुणावर काढावा कळेना. आत्यांचे केस कुणी ओढून नेले नव्हते, की कुणावर खटला भरता आला असता. मी एवढंच ठरवलं की हा डाग माझ्या डोक्यावर पडू द्यायचा नाही, आणि माझ्या हातून होईल तिथवर दुसऱ्या कुणाच्याही नाही.

आत्या पूर्वीपासून आमच्याच मेंढरांची लोकर कुटून, दाबून स्वतःपुरती चुंबळ करायच्या. आता आम्ही दोघी मिळून करायला लागलो. औंधला यमाईच्या यात्रेत पाल टाकून बसलो, तर सगळा माल हातोहात गेला. घेणाऱ्यांत ऊसतोडीच्या बायका जास्त. पण त्याच बायका पुढं तक्रार घेऊन आल्या. उसाचं पाणी, पहाटेचं दहिवर लोकरीत मुरतं, चुंबळ जड होते आणि दबून पार भाकरी होते. तक्रार खरी होती. वर लोकर ठीक, पण आत न दबणारा, पाणी न पिणारा रबराचा गाभा पाहिजे होता. लोकरीचं काम घरी होईल. गाभा काही चुलीवर होणार नव्हता. त्याला कारखाना पाहिजे, आणि दिवाळी झाली की तोडणी सुरू होणार, म्हणजे त्याच्या आत पाहिजे.

पहिल्यांदा साताऱ्याला गेलो. जयराज नावाचे मालक, फोमच्या गाद्या आणि हेल्मेटच्या आतलं अस्तर करणारे. गारेगार खोली, चहा झकास, बोलणं मऊ. मी नमुना पुढं ठेवला, काय पाहिजे ते सांगितलं. त्यांनी तो असा दोन बोटांत धरला, जसं काही मेंढरू त्यातून अजून ओरडणार होतं.

"नवीन साचा कशाला मॅडम? हेल्मेटच्या गादीचा साचा आमच्याकडं तयार आहे. त्यातच गोल कापून देतो. शेवटी डोकं ते डोकंच."

"हेल्मेट डोक्यावर नुसतं बसतं," मी म्हटलं. "हंडा दाबतो. मान हलली की तो पण हलतो."

"तुम्ही फार खोलात जाताय." ते हसले. "खरं सांगू? तुमच्या बायका आज चिंधीवर भागवतातच ना? त्यांना एवढा फरक कळणार आहे का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काहीतरी वेडंवाकडं बोलणार तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेल्या आत्यांनी पदर सारखा केला.

"सायेब, भायेर नळ हाय न्हवं? एक बादली भरून घ्या. तुमची हेल्मेटाची गादी डोस्क्यावर ठिवा, तिच्यावर बादली, आन त्या गेटापतूर जाऊन या. मग तुमी म्हनाल तसं."

जयराजना वाटलं म्हातारी गंमत करतेय. मग वाटलं, करत नाहीये. त्यांनी बेल दाबली आणि वॉचमनला बोलवा म्हणून सांगितलं.

"त्येनं घेतली तर चुंबळ बी त्येलाच कराया सांगू की," आत्या म्हणाल्या आणि उठल्या. मीही उठले. चहा अर्धा राहिला, त्याचं तेवढं वाईट वाटलं.

त्या दिवसापासून आमचा नियमच झाला. जो डोक्यावर ओझं घेईल, त्यालाच काम. दुसऱ्याची बादली मागत बसायला नको म्हणून आम्ही घरचा हंडा बरोबर घ्यायला लागलो. सांगलीच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, पानी आनाय निगालाय का सांगलीला?"

"व्हय. तुमच्याकडं लय झालंय म्हनत्यात," आत्या म्हणाल्या. पुढचे दोन बाक खो खो हसले.

सांगलीजवळ कुपवाडला मोटारसायकलच्या सीटच्या गाद्या करणारे एक मालक भेटले. त्यांना कल्पना फारच आवडली. त्यांनी रिकामा हंडा डोक्यावर ठेवून आमच्याबरोबर फोटो काढला, महिला सक्षमीकरण असं काहीतरी लिहून लगेच ओळखीपाळखीत पाठवूनही दिला. हंडा भरायला घेतल्यावर त्यांना महत्त्वाचा फोन आला. तो फोन संपेना. आम्ही हंडा उपडा केला, त्यांच्या कुंडीतल्या तुळशीला पाणी घातलं आणि निघालो. पुढच्या काही जणांनी तर फोनवरच कटवलं. एकानं विचारलं, घरात पुरुषमाणूस कुणी नाही का बोलायला.

दादासोला फोनवर हे सांगितलं तर तो कळपामागून ओरडला, "कारखानदाराला हंडा उचलाय लावतीस? आगं, येड लागलंय का तुमास्नी? कोन द्येनार माल करून? दिवाळी आली तोंडावर!"

आणि खरोखरच दिवाळी तोंडावर आली, तसा साताऱ्याहून जयराजांचा फोन आला. मागचं मनावर घेऊ नका म्हणाले. त्यांनी हेल्मेटच्या साच्यातूनच गोल कापून, वर लोकरीसारखं दिसणारं कापड लावून नमुना पाठवला होता. दिसायला आमच्या चुंबळीपेक्षा देखणा. वर माझं नाव छापायचीही तयारी होती. फक्त हो म्हणा, दिवाळीआधी माल दारात.

मी डगमगले. खोटं कशाला बोलू. दोन जिल्हे पायाखाली घालून हाती काही लागलं नव्हतं आणि तोडणीच्या बायका कधी देणार म्हणून विचारत होत्या. मी आत्यांना म्हटलं, या हंगामाला हेच देऊ, पुढच्या वर्षी बघू.

आत्यांनी तो नमुना डोक्यावर ठेवला, हंडा घेतला आणि टाकीवर जाऊन पाणी घेऊन आल्या. हंडा उतरवल्यावर एक हात मानेवर तसाच राहिला. गादी दबून कागद झाली होती.

"ह्येच्यावर तुजं नाव घालनार व्हय?" त्या म्हणाल्या. "घाल."

मला असं झोंबलं की मी तिथल्या तिथं जयराजना फोन लावला आणि नको म्हणून सांगितलं. ते म्हणाले, मग तुमची चुंबळ या हंगामाला होत नाही. मी म्हटलं, नाही तर नाही. फोन ठेवल्यावर वाटलं तितकं मोकळं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

पलूसच्या वीरधवल यांचं नाव यात्रेतल्या एका बाईनं दिलं. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, घरची बागायत, उसाच्या कडेलाच पत्र्याची शेड. तिथं मशिनरीचे रबरी भाग तयार करायचे. बागायतदार म्हटल्यावर मला फार आशा नव्हती. ज्यांच्या घरचा ऊस दुसऱ्यांच्या डोक्यावरून जातो, त्यांना चुंबळीचं काय सोयरसुतक? मी बोलायला सुरुवातच केली ती भांडणाच्या सुरात.

"आधी हंडा डोक्यावर घ्या. मग पुढचं."

शेडमधली चार माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली. वीरधवल यांनी स्वतःच हंडा नळाखाली धरला. पहिल्या खेपेला निम्मं पाणी शर्टावर आलं. माणसं हसली. "हसू नगा रं," म्हणत त्यांनी हंडा पुन्हा भरला आणि ताठ मानेनं, फौजी चालीनं, उसाच्या बांधापर्यंत जाऊन आले. उतरवताना आत्यांनी हात लावला.

"रोज किती खेपा?" त्यांनी मान चोळत विचारलं.

"पानी मिळंस्तवर," आत्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी एक शब्दही फालतू विचारला नाही. नमुना उलटसुलट पाहिला, कापून पाहिला. कपाटातून फायबरचं एक डोकं काढलं, हेल्मेटच्या दुकानात असतं तसं, आणि त्यावर चुंबळ ठेवून वरून हातानं दाबली. ती सरकली. पुन्हा ठेवली, पुन्हा सरकली.

"ह्ये डोस्कं गोल गरगरीत हाय," ते म्हणाले. "वज्जं व्हायल्यालं न्हाई. ह्येच्या मापानं गाभा केला तर बायकास्नी कुठं टेकंल, कुठं टोचंल, मला काय कळनार? साचा काढायचा तर जेनं वज्जं व्हायलंय त्या डोस्क्यावरनं..."

आणि ते थांबले. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी खाली पाहिलं. परक्या शेडमध्ये, पुरुषांसमोर, आत्यांच्या वयाच्या बाईला डोक्यावरचा पदर काढा असं कोण म्हणणार? एवढं सगळं करून गाडी इथं अडणार होती.

"माझ्या डोक्याचा साचा घ्या," मी म्हटलं आणि पदराची पिन काढायला लागले.

आत्यांनी माझा हात धरला. "तुजं डोस्कं अजून धड हाय. ते धडच ऱ्हावं म्हनून तर हे चाललंय."

त्या शेडच्या मधोमध ठेवलेल्या लाकडी स्टुलावर जाऊन बसल्या. वीरधवल गडबडीनं माणसांना म्हणाले, "भायेर जावा रं सगळी."

"कुनी बी जाऊ नगा," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण माणसं जागची हलली नाहीत. "मी काय चोरी केलीया व्हय? बघू द्या समद्यास्नी."

आणि त्यांनी पदर खाली घेतला.

पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन बरोबर टाळूवर पडलं. भोवती पांढरे केस, मधे ते गुळगुळीत टक्कल, त्यातला तो खळगा. एक माणूस तिकडं बघवेना म्हणून बाहेरच्या उसाकडं बघायला लागला. तिकडं बघून सुटका नव्हती.

"तरनी हुते तवा दुस्काळात हिकडंच आल्ते, तोडनीला," आत्या म्हणाल्या. "ह्याच पलूसच्या उसाच्या मोळ्या व्हायल्या ह्या डोस्क्यावर. साचा तुमच्या उसानं कवाच पाडून ठिवलाय, दादा. तुमी निस्तं रबर वता."

वीरधवलांनी आतून खोबरेल आणून माझ्या हाती दिलं, मी ते आत्यांच्या टाळूला लावलं आणि वर पातळ कापड बसवलं. मग त्यांनी प्लास्टरच्या पट्ट्या भिजवल्या आणि एकेक करून वर ठेवत गेले. इतक्या हलक्या हातानं, की मला वाटलं हा माणूस आपल्या आईचं डोकं धरून बसलाय. प्लास्टर वाळेपर्यंत आत्या ताठ बसून होत्या, हंडा डोक्यावर असल्यासारख्या. साचा निघाला तेव्हा त्यांनी तो हातात मागून घेतला, आतला उंचवटा बोटानं चाचपला आणि परत दिला.

"दिवाळीआदी गाभा तुमच्या हातात," वीरधवल म्हणाले. "आन पयला नमुना मी डोस्क्यावर घ्येनार. मगच तुमास्नी बोलवीन."

परतीच्या एसटीत आत्या खिडकीशी बसल्या, मांडीवर रिकामा हंडा. केसांत प्लास्टरचे पांढरे कण तसेच होते आणि पदर खांद्यावर. विट्याला गाडी भरली, माणसं चढली, त्यात आमच्या गावचेही दोघं-तिघं होते, ते बघायला लागले. मला वाटलं, इतक्या वर्षांची सवय, दमून विसरल्या असतील. मी हळूच पदर उचलून त्यांच्या डोक्यावर घ्यायला गेले.

"ऱ्हाऊ दे," आत्या खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या. "वारं लागतंय."