उकडलेला बटाटा

राजशेखर सरांचा माज उतरवायचाच, एवढं माझं ठरलं होतं. मी धोंडुबाई, कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात शिपाईण. प्रयोगशाळा माझ्याकडं.

शहाण्णव साली नववीला परासरणाचा प्रयोग होता. बटाटा पोखरून आत साखरेचा पाक घालायचा, टाचणी टोचून खूण करायची आन् बटाटा पाण्याच्या ताटलीत ठेवायचा. पाणी बटाट्यातनं आत शिरतं, पाक वर चढतो. त्या दिवशी चाळीस पोरांत एकाचाबी चढला न्हाय. बाकीच्यांनी पुस्तकातलं उतरवलं. माझ्या मोनानं दिसलं ते लिहिलं, चढला नाही. सरांनी वही भिरकावली. "शिपाईणीच्या पोरीला कशाला हवंय सायन्स?" नापासच केली की! तिची शाळाच सुटली. आता इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडात सुताच्या कांड्या भरती. माझं काळीज जळत होतं.

दोन वर्सांनी सर घावले. हेडमास्तर व्हायचे म्हणून तपासणीला साहेब आलते, आन् सरांनी तोच प्रयोग काढला. जित्या बटाट्याच्या पेशी पाणी वढत्यात, उकडला की मरत्यात, हे ऐकून ऐकून मला पाठ. मी बटाटा निम्मा उकडूनच ठेवला.

तासाभरानं सरांनी वाकून बघितलंबी न्हाय. "पाणी चढलं का?"

"चढलं, सर!" अख्खा वर्ग वरडला.

साहेब शेरा लिहाय लागले. आरं तिच्या! मीच ताटली उचलून त्यांच्याम्होरं आदळली. "बघा साहेब, टाचणीवर काय चढलंय का?"

सरांनी बटाटा दाबला. तोंड पांढरंफट पडलं. "हा उकडलेला आहे! पेशी मेल्यात, कसा चढणार?"

"मग मोनाचा का न्हाय दाबून बघितला?"

साहेबांनी शेरा खोडला. हेडमास्तरकी गेली. माझीबी नोकरी गेली, गेली तर गेली. लई गार वाटलं.

तशीच इचलकरंजीची एस्टी धरली. मागाच्या खडखडाटात मोनाला सगळं वरडून सांगितलं. वाटलं, हसंल.

तिनं हातातली कांडी खाली ठेवली. "आये, आमचं चाळीस बटाटं कुणी उकडलं हुतं?"

एवढं बटाटं पोखरून हाताला फोड यायचे. सुरी पटकन जावी म्हणून मीच त्यांना उकळी दिली होती. सरांनी वही भिरकावली तवा मी दारातच हुते. नोकरी जाईल म्हणून तोंड उघडलं न्हाय.

"मी," म्हटलं.

मोनानं कांडी उचलली आन् माझ्याकडं पाठ केली.