पुलाचा मेसेज

ठोकलेली गाडी क्रेनवर चढवून यार्डात आणायची आणि विमेवाले, पोलीस, मालक यांचं भांडण मिटेपर्यंत सांभाळायची, हा माझा धंदा. सव्वीस वर्षं झाली. लोकांना वाटतं, इतकं बघून माणूस निबर होतो. मी उलटा झालो, भित्रा झालो. घरातल्या कोणी दूध आणायला स्कूटर काढली तरी माझा जीव टांगणीला लागतो, आणि भीती वाटली की मला राग येतो. म्हणून घरात मी तापट.

मुलीला मी बिट्टी म्हणतो. पंचविशी गाठली तरी बिट्टीच. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे. डॉक्टरांनी पाठवलेल्या मापावरून मेणात दात कोरायचे, कवळ्या बसवायच्या, असलं बारीक काम. लॅब शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, घरापासून बावीस किलोमीटर. तिनं जुनी पांढरी गाडी घेतली तेव्हा चालवायला मीच शिकवलं, आणि शिकवताना इतकं पिडलं की तिच्या आईला दोनदा मध्ये पडावं लागलं. थांबायचं असेल तर रस्ता सोडून पूर्ण डावीकडे, कच्च्यात, चारही इंडिकेटर लावून. हे वाक्य मी तिच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं.

तेवढ्यानं माझं समाधान होईना, म्हणून मी नियम काढला. लॅबमधून निघाली की मेसेज करायचा, ‘निघाले’. रेल्वेचं फाटक आलं की ‘फाटक’. माझ्या यार्डावरून जाताना ‘गेट’, नदीवर आली की ‘पूल’, आणि मग ‘घर’. दिवसाला पाच शब्द. प्रत्येकाला मी ‘हं’ म्हणून उत्तर द्यायचं. पुढे एकदा माझ्या छातीत दुखलं आणि यार्डात मी तास दीड तास एकटाच पडून होतो, तेव्हापासून तिनं त्यात आपली भर घातली. माझा ‘हं’ आला नाही तर ती प्रश्नचिन्ह पाठवायची. बाप लेकीवर पहारा ठेवणार आणि लेक बापावर. या शिस्तीचा मला कोण अभिमान! यार्डात येईल त्याला फोन दाखवून मी सांगायचो, बघा, तीन वर्षांत एक शब्द चुकलेला नाही. ऐकणारे कंटाळून मान डोलवायचे.

क्रेनबद्दलही सांगायला हवं. ती डावीकडे ओढते. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं तर सुतासारखी सरळ जाते, पण एक हात सुटला की हळूच डाव्या अंगाला सरकायला लागते. यार्डातला वेल्डर वर्षभर माझ्या मागे लागला होता की दुरुस्त करून घ्या. मी म्हणायचो, मला सवय झालीय, बायकोसारखी आहे, धरून ठेवलं की ऐकते. बायकोनं हे ऐकलं आणि दोन दिवस बोलली नाही. क्रेन तशीच राहिली.

त्या दिवशी दुपारी एक लाल गाडी आणली. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या टँकरमध्ये मागून घुसली होती. सरळ रस्ता, लख्ख ऊन, आणि डांबरावर ब्रेकची एकही खूण नाही. खूण नसली याचा अर्थ माणसानं शेवटपर्यंत समोर पाहिलंच नाही. चालवणाऱ्याला आधीच नेलं होतं. कुठे नेलं, हे मी कधी विचारत नाही.

गाडीतल्या वस्तू काढून पिशवीत भरायच्या आणि पिशवीला चिठ्ठी लावायची, हे काम मी दुसऱ्यावर सोपवत नाही. पाण्याची अर्धी बाटली होती, चष्म्याची डबी होती, मागे हँगरला लावलेला इस्त्रीचा शर्ट होता. त्याला एक सुरकुती पडली नव्हती. फोन ब्रेकच्या पायपट्टीखाली अडकला होता. वस्तू उचलायची, तिच्यात डोकावायचं नाही, हा माझाच दंडक. पण अंगठा लागला आणि काच उजळली. लॉक नव्हतं.

वर ‘आई’ असं नाव होतं. खाली ओळीनं, कुठे आहेस? कुठपर्यंत आलास? उत्तर का देत नाहीस? आणि सगळ्यात खाली त्यानं लिहायला घेतलेलं आणि न पाठवलेलं उत्तर, ‘हो गं आई, पोहोच’.

मी त्या गाडीच्या उघड्या दारात टेकलो. त्या बाईचा मला आधी संताप आला. एवढी काय घाई होती विचारायची, जरा दम धरवत नाही? मग माझ्या लक्षात आलं की मी ज्या बाईला शिव्या घालतोय ती काही वेगळी नाही. तिनं एका प्रवासात तीनदा विचारलं. मी रोज पाचदा विचारत होतो.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ‘गेट’. मिनिटभरानं बाहेर दोनदा हॉर्न झाला, तिचा नेहमीचा, आणि कुंपणाच्या जाळीतून तिची पांढरी गाडी सर्रकन निघून गेलेली दिसली. खिडकीत तिचं डोकं दिसलं. ते समोर होतं की खाली वाकलेलं, हे मला अजून ठरवता येत नाही.

पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. आता पुढचा शब्द ‘पूल’. पुलावर थांबायला वीतभरसुद्धा जागा नाही, दोन्ही बाजूंना कठडा आणि मागे ट्रकवाले डोक्यावर बसलेले. मग तीन वर्षं मला पुलावरून ‘पूल’ येत होता तो कसा? हा साधा प्रश्न मला, सव्वीस वर्षं ठोकलेल्या गाड्या उपसणाऱ्या शहाण्याला, एकदाही पडला नव्हता.

तिला सांगायला हवं होतं. पण सांगणार कसं? फोन केला तर ती उचलणार. मेसेज केला तर ती वाचणार. ‘गाडी चालवताना फोन बघू नकोस’ असं लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं. मग वाटलं, गप्प बसावं. पण ‘गेट’ला माझा ‘हं’ गेला नव्हता. तो गेला नाही तर ती काळजीनं पुन्हा पुन्हा फोनकडे पाहणार, आणि गेला तर त्याच्या आवाजानं पाहणार. मी बोललो तरी धोका आणि नाही बोललो तरी धोका. असा सापळा मी स्वतःच्या हातानं, प्रेमानं, तीन वर्षं खपून तयार केला होता. मी काहीच केलं नाही. फोन हातात धरून उभा राहिलो.

प्रश्नचिन्ह आलं. एकटंच, काचेच्या मधोमध.

ती आता एका हातानं गाडी चालवतेय, असं मला स्पष्ट दिसायला लागलं. वेल्डरनं विचारलं की काका, घाम का आलाय, बसा जरा. मी त्याच्यावर खेकसलो. ‘पूल’ यायला हवा होता, तो येईना. मग फोन वाजला तो चौकीतून. हवालदार सांगत होते की पुलाच्या तोंडाशी गाडी ठोकलीय, रस्ता अडलाय, क्रेन घेऊन लगेच निघा. कोणती गाडी, असं मी विचारलं. ते म्हणाले, लहान आहे, पांढरी.

क्रेन मी कशी काढली ते आठवत नाही. एरवी फोन समोरच्या कप्प्यात टाकून मी कप्पा बंद करतो. त्या दिवशी तो डाव्या हातात होता, अंगठा काचेवर. तिला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. चार किलोमीटरचा रस्ता, आणि मनात एकच ओळ चालू होती, पांढऱ्या गाड्या काय कमी आहेत, पांढऱ्या गाड्या काय कमी आहेत. दुरून वाहनांची रांग दिसली. मी अजून बराच लांब होतो. तेवढ्यात हातातला फोन थरथरला.

बिट्टीचा मेसेज. तो एका शब्दाचा असता तर नजरेच्या एका फटक्यात वाचून झाला असता. पण तो लांब होता. ‘बाबा, पुढे अपघात झालाय, पूल बंद आहे. मी बाजूला थांबलेय. तुम्ही हं पाठवला नाहीत, बरे आहात ना? माझी काळजी करू नका.’

मी शेवटपर्यंत वाचला. खरं सांगायचं तर दोनदा वाचला. आनंदानं डोळे भरून आले होते, अक्षरं नीट दिसेनात, म्हणून दुसऱ्यांदा. क्रेन तेवढ्यात, तिच्या सवयीप्रमाणे, डावीकडे सरकत गेली.

मान वर केली तेव्हा पुढ्यात चार इंडिकेटर लुकलुकत होते. पांढरी गाडी, रस्ता सोडून पूर्ण डावीकडे, कच्च्यात, शिकवल्यासारखी उभी.

माझ्या चाकांचीही ब्रेकची खूण नव्हती. हवालदारांनी ते वाकून पाहिलं होतं.

ती जगली. कंबरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं, उजव्या पायात सळ्या घातल्या, पुन्हा सरळ चालेल की नाही हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. पुलाच्या तोंडाशी ठोकलेली पांढरी गाडी भलत्याच कुणाची होती आणि त्या माणसाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, क्रेन डावीकडे ओढते, स्टिअरिंग हातातून सुटलं. ते खोटंही नव्हतं. वेल्डरनं साक्ष दिली की हो, वर्षभर सांगतोय. सगळ्यांना माझी दया आली. बापाच्या हातून असं व्हावं, कोणाच्या वाट्याला येऊ नये, असं म्हणत लोक माझ्या पाठीवरून हात फिरवायचे आणि मी तो फिरवून घ्यायचो. बायकोनं क्रेनला शिव्या दिल्या. मीही दिल्या. एकोणीस दिवस मी हॉस्पिटलच्या त्या खुर्चीत बसून होतो आणि फोनबद्दल माझ्या तोंडातून अवाक्षर निघालं नाही.

विसाव्या दिवशी डॉक्टरांनी बिट्टीला जबाब द्यायची परवानगी दिली. हवालदार चार वाजता येणार होते. तिची आई खाली औषधं आणायला गेली होती. बिट्टी छताकडे बघत पडली होती, आणि मी संत्र्याच्या फोडीवरचे धागे काढत होतो. तिनं मला विचारलं की त्या दिवशी ‘गेट’ला ‘हं’ का पाठवला नाहीत. मी लाल गाडीचं सांगितलं, तिच्या ब्रेकखाली सापडलेल्या फोनचं आणि अर्ध्या राहिलेल्या उत्तराचं सांगितलं. तू गाडी चालवता चालवता लिहितेस असं वाटून घाबरलो, हेही सांगितलं.

ती थोडी हसली. म्हणाली, “बाबा, मी एकदाही चालवताना लिहिलं नाही. ‘गेट’ मी यार्डाच्या अलीकडे, वजनकाट्यापाशी थांबून लिहायचे आणि मग तुमच्यावरून जायचे. मेसेज आधी यायचा, हॉर्न नंतर. तुमच्या कधी लक्षात नाही आलं?”

नव्हतं आलं. पूल यायच्या आधीच थांबून ती ‘पूल’ लिहायची, आणि मी यार्डात बसून समजायचो की पोर आत्ता नदीवर आहे.

“मी तुम्हाला आरशात पाहिलं,” ती म्हणाली. “केशरी क्रेन. मला वाटलं, माझ्यासाठीच येताय. मेसेज नुकताच पाठवला होता. परत फोनकडे बघितलं तर त्याच्यापुढच्या दोन्ही खुणा निळ्या झालेल्या. इतकं बरं वाटलं मला. म्हटलं, बाबांना कळलं, आता काळजी नाही.”

हातातली फोड चादरीवर पडली. मी ती उचलली नाही. इतके दिवस तिला माहीत होतं. सळ्या घालताना, कुशीवर वळवताना, आईनं क्रेनचा उद्धार केला तेव्हासुद्धा. तिनं एक शब्द काढला नव्हता, आणि मी तिच्यासमोर बसून लोकांची दया खात होतो. मला माझी इतकी किळस कधी आली नव्हती.

“आईला सांगितलंस?” मी विचारलं.

तिनं मान हलवली, नाही. मग माझ्याकडे वळता येत नव्हतं म्हणून छताकडेच बघत म्हणाली, “हवालदारांनी विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही, बाबा. आणि खरं माझ्या तोंडून निघायला नको. तुम्ही सांगाल?”

मी हं म्हणालो. खिशातून फोन काढला, तो मेसेज उघडला आणि फोन तसाच तिच्या उशाजवळच्या टेबलावर ठेवला. मग खुर्ची दाराकडे वळवून बसलो. चार वाजायला वीस मिनिटं होती.