थर्स्टनचं चुकलेलं जोतं

इडोनीचे गुडघे पार गेले होते, पण तसं तिच्या तोंडावर म्हणायची गावात कोणाची छाती नव्हती. चर्चमध्ये सगळे उभ्यानंच प्रार्थना करायचे. बसायला होता तो भिंतीलगतचा दगडी ओटा, आणि तो म्हाताऱ्या-कोताऱ्यांचा, लुळ्या-पांगळ्यांचा. एकदा बाई ओट्याला लागली की तिला बाळंतिणीकडे कोणी बोलवत नसे. निम्मं गाव जिच्या हातांवर जन्मलं, ती इडोनी हे कशी सोसणार? ओट्यावर बसण्यापेक्षा घरीच बसेन, असं तिनं नवऱ्याला बजावलं होतं. आणि एकदा घरी बसली की ही पुन्हा उठायची नाही, ही धास्ती थर्स्टनला होती. तिलाही होतीच म्हणा.

थर्स्टन पाथरवट. हिवाळाभर कामं बंद, तर हा बाबा तिच्या चुलीजवळच्या स्टुलाच्या मागे लागला होता. स्टुलाच्या पायांखाली फळकुटं सरकवायची आणि म्हणायचं, "बस बघू. आता ऊठ." तिला वैताग यायचा. रिकामा नवरा घरात नको, असं ती शेजारणीला सांगायची.

वसंतात चर्च रुंद करायचं काम निघालं. उत्तरेची भिंत फोडून कमानी काढल्या, खाली खांब उभे केले. बायकांची जागा त्याच बाजूला, त्यामुळे एक खांब नेमका इडोनीच्या जागी आला.

पेंटेकॉस्टच्या सणाला परांच्या उतरल्या, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांत ते भरलं. बाकीच्या खांबांची जोती कशी आटोपशीर, आणि त्या एकाचं हातभर बाहेर आलेलं. पाद्रीबाबांनी विचारलं, तर थर्स्टननं डोकं खाजवून सांगितलं की माप चुकलं. जन्मात ज्याची एक छिन्नी वावगी पडली नाही, त्या माणसानं! चक्कीवाल्याची बायको गनोरा म्हणाली, "थर्स्टनबाबा, आता तुम्हीच ओट्याला लागा." लोक हसले. थर्स्टनही हसला. म्हाताऱ्याचा हात गेला, का नजर गेली, हेच इडोनीच्या डोक्यात घोळत राहिलं.

प्रार्थना लांबली. तिचे पाय लटपटू लागले. मागच्या ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी सरकून तिला जागा केली, तशी ती चिडून मागे सरली आणि जोत्याला टेकली. बसली नाही हं, नुसती टेकली. गुडघ्यातून कळ आली नाही. हात न लावता उठता आलं. पुन्हा टेकली. ही उंची तिच्या ओळखीची होती. हिवाळाभर हीच तर उंची तो शोधत होता.

तिनं पुरुषांच्या बाजूला पाहिलं. थर्स्टन एकटक वेदीकडे बघत होता, जसा काही मोठा भाविकच. तिचे डोळे भरून आले.

बाहेर पडताना गनोरानं छेडलंच, बसलात वाटतं आज? इडोनी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बसणार नाही तर काय करणार? माझ्या म्हाताऱ्यानं माप चुकवलंय. आता दर रविवारी त्यावर झगा पसरून मलाच ते झाकायला हवं."

थर्स्टन उगाच खोकला. तिनं भर रस्त्यात त्याचा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.